शीख अध्ययनाचा अभ्यासक्रम सुरू करताय? या चुका टाळा

"सर, जूनपासून शीख अध्ययनाचा एम.ए. सुरू करतोय, तुमचा सिलॅबस पाठवाल का?" असा फोन मला बहुतेक वेळा मार्चमध्ये येतो. नामदेव आपले, नांदेड आपलं, मग अवघड काय आहे, असा त्यामागचा हिशेब असतो. सिलॅबस मी पाठवत नाही, आधी भेटायला बोलावतो. कारण चुका ठरलेल्या आहेत, आणि त्या सगळ्या घाईतून होतात.

सगळ्यात मोठी चूक ग्रंथालयाच्या खरेदी यादीत होते. मी एका विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर होतो. आमच्या यादीत पहिलीच ओळ होती, 'गुरु ग्रंथसाहिब, प्रत १'. खरेदी समितीनं ती मंजूरही केली. दाखल क्रमांक पडणार, आतल्या पानावर शिक्का बसणार आणि ग्रंथ संदर्भ विभागाच्या कपाटात उभा राहणार, असा सगळा सरधोपट विचार. त्या दिवशी सल्ल्यासाठी गुरुद्वाऱ्यातले एक वयस्कर ग्रंथी, म्हणजे ग्रंथाचं पठण आणि सेवा करणारे, आले होते. मी यादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "सर, महाराजांसाठी खोली कुठली? सकाळी प्रकाश कोण करणार? रात्री सुखासन कुठं होणार?"

टेबलाभोवती आम्ही सात जण होतो. एकालाही उत्तर देता आलं नाही.

१७०८ साली नांदेडमध्येच गुरु गोविंदसिंहांनी ग्रंथाला गुरुपद दिलं. तेव्हापासून तो ग्रंथ म्हणजे हयात गुरू आहे, म्हणूनच 'महाराज'. सकाळी तो विधीनं उघडणं म्हणजे प्रकाश, रात्री मिटून विसावायला नेणं म्हणजे सुखासन. त्याला चंदोआ म्हणजे वरचं छत लागतं, रुमाला म्हणजे झाकायचं वस्त्र लागतं, चौर म्हणजे चवरी ढाळणारं माणूस लागतं. पंजाबात तर स्वरूप, म्हणजे ग्रंथाची प्रत, छापण्याबद्दल आणि वितरणाबद्दल २००८ पासून वेगळा कायदाच आहे. ही गोष्ट पहिल्या तासाला शिकवायची आणि त्याच गुरूवर ग्रंथालयाचा शिक्का मारायचा, हे मला आजही आठवलं की लाज वाटते. आम्ही ती ओळ खोडली. तिच्या जागी 'शब्दार्थ' या सटीप आवृत्तीचे चार खंड आणि प्रोफेसर साहिब सिंघांचं दहा खंडांचं 'दर्पण' हे भाष्य मागवलं. मूळ बाणी, म्हणजे ग्रंथातली पदं, त्यांतही आहे, म्हणून ते खंड मी वेगळ्या कपाटात, स्वच्छ कापडात ठेवतो. हात धुऊन आणि डोकं झाकूनच ते उघडायचे. झेरॉक्स वाटणं मी बंद केलं. पानं शेवटी रद्दीत जातात, भेळेच्या पुड्यालाही लागतात. पदं फळ्यावर लिहितो, मुलं वहीत उतरवून घेतात. वेळ लागतो, लागू दे.

दुसरी चूक गुरुमुखी टाळण्याची. "देवनागरीत सगळं मिळतं की सर" हे वाक्य ऐकलं की माझा संयम सुटतो. पहिल्या वर्षी मीही ही पळवाट घेतली होती. बाजारातली देवनागरी प्रत वापरली, निबंध छान आले. चौथ्या महिन्यात मूळ गुरुमुखी पान समोर ठेवलं, तर वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी 'सति' हा शब्द 'म'पासून वाचायला लागली. तिचा दोष नव्हता. गुरुमुखीतला 'स' आपल्या 'म'सारखाच दिसतो.

अक्षर चुकलं तर निदान कळतं. मात्रा गळली तर कळतही नाही. आमच्या देवनागरी प्रतीत 'नामु'चं 'नाम' झालं होतं, 'पुरखु'चं 'पुरख' आणि 'प्रसादि'चं 'प्रसाद'. शेवटचा तो ऱ्हस्व उकार किंवा इकार म्हणताना जवळपास ऐकू येत नाही, पण व्याकरण त्यातच आहे. 'प्रसादि' म्हणजे प्रसादाने, कृपेने. इकार गेला की 'ने' गेला. मराठी मुलांना हे समजावणं खरं तर सोपं आहे, कारण ज्ञानेश्वरीत 'गणेशु' आणि 'प्रकाशु' आहेतच. तो उकार दाखवला की मुलांचे डोळे चमकतात. म्हणून आता पहिले तीन आठवडे फक्त पैंती, म्हणजे गुरुमुखीची पस्तीस अक्षरं. रोज वीस मिनिटं शुद्धलेखन. ज्यांना इतकाही धीर नाही, त्यांनी हा विषय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. भाई काहन सिंघ नाभा यांचा १९३० चा 'महान कोश' वर्गात हाताशी हवाच.

'नानक' हे नाव आलं की ते पद गुरु नानकांचं, असं समजू नका. ज्या गुरूंची बाणी ग्रंथात आहे, ते सगळेच त्या नावानं लिहितात. पदाच्या वर 'महला' किती आहे ते बघा, त्या आकड्यावरून कितवे गुरू ते कळतं. महला १ म्हणजे गुरु नानक, महला ५ म्हणजे गुरु अर्जन.

नामदेवांवर सहा आठवडे घालवू नका. त्यांची ६१ पदं ग्रंथात आहेत याचा अभिमान मलाही आहे, पण ती १४३० अंगांच्या, म्हणजे पानांच्या, ग्रंथात, रागांच्या चौकटीत, इतर भगतांच्या, म्हणजे संतकवींच्या, शेजारी बसून आहेत. तिथंच वाचा. 'भक्तिसंप्रदायाची एक शाखा' असं म्हणून अख्खा धर्म एका तासात उरकणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना खालसा का उभा राहिला हे सांगताच येत नाही.

इतिहास १७०८ ला थांबवू नका. सिंघ सभेची सुधारणा चळवळ, १९२१ चं ननकाना हत्याकांड, १९२५ चा गुरुद्वारा कायदा आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठीचा १९५६ चा स्वतंत्र कायदा हे सगळं शिकवलंच पाहिजे.

देणगीतून अध्यासन उभारणार असाल तर संशोधनाचं स्वातंत्र्य आधी कागदावर घ्या. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात समाजाच्या देणगीतून अध्यासन झालं, पण पहिल्या प्राध्यापकांच्या लेखनावरून वाद पेटला आणि १९९० च्या दशकात त्यांनी ते सोडलं. दोन्ही बाजूंची मनं दुखावली.

एम.ए.नं सुरुवात करू नका. आधी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवा.

आणि नांदेडची सहल. सकाळी बस, दर्शन, लंगर, फोटो आणि संध्याकाळी परत, असं करू नका. पंजाबातली पद्धत तेवढी खरी आणि हजूर साहिबची, म्हणजे नांदेडच्या गुरुद्वाऱ्याची, वेगळी म्हणून चुकीची, असं मुलं पुस्तकातून शिकून येतात. इथं संध्याकाळी दिव्यांची आरती होते, इथं गुरु ग्रंथसाहिबांसोबत गुरु गोविंदसिंहांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या दसम ग्रंथाचाही प्रकाश असतो. दखनी शीख घरांत मराठी बोलली जाते. हे बसमधून दिसत नाही. मी मुलांना मुक्कामाला नेतो, लंगरमध्ये आधी भांडी घासायला लावतो, वही नंतर. पहाटे अंधारातच उठवतो. गागरिया सिंघ गोदावरीचं पाणी चांदीच्या गागरीत भरून तख्ताकडे, म्हणजे गुरुद्वाऱ्याकडे, येत असतात. त्या वेळी मुलांनी वाटेच्या कडेला उभं राहून फक्त बघायचं. मोबाईल खोलीत ठेवून यायचे.