स्वीडिश, नॉर्वेजियन की डॅनिश? ठरवायच्या आधी एवढं करून घ्या

स्वीडन, नॉर्वे किंवा डेन्मार्कला शिकायला जाणार असाल तर सगळ्यात आधी भाषा बाजूला ठेवा आणि तिथला कोर्स नक्की करा, कारण "तिन्हीतली सोपी कुठली" इथून सुरुवात केली की सहा महिने ॲपवर जातात आणि मग कळतं की आपला विषय भलत्याच देशात चांगला आहे. मास्टर्सला जायचं असेल तर तिन्ही देशांत इंग्रजीतले कोर्स आहेत, ॲडमिशनला तिथली भाषा लागत नाही, पण बॅचलर्सला बहुतेक कोर्स तिथल्याच भाषेत असतात आणि परीक्षा पास असल्याचा कागद लागतो. स्वीडनसाठी टिसुस, डेन्मार्कसाठी स्टूडिएप्रोवन, नॉर्वेसाठी नॉर्स्कप्रोव्ह, ही शेवटची साधारण बी-टू लेव्हलची, म्हणजे भाषेच्या युरोपातल्या सहा पायऱ्यांतली चौथी. आपल्या कोर्सच्या पानावर यातलं काय मागितलंय ते वाचून वहीत लिहून ठेवा.

मग फीचं बघा. "नॉर्वेत शिक्षण फुकट" असं अजूनही कुणीकुणी सांगतं, ते जुनं झालं. युरोपाबाहेरच्या मुलांना डेन्मार्कने 2006 पासून, स्वीडनने 2011 पासून आणि नॉर्वेने 2023 पासून फी लावली आहे, त्यामुळे फक्त फुकट म्हणून नॉर्वेजियन घेतली असेल तर थांबून परत हिशोब करा, घरच्यांबरोबर बसून करा.

आता कानाची तयारी, आणि माझ्या मते हाच खरा मुद्दा आहे. एक अख्खा रविवार काढा, स्वीडनचा एसव्हीटी, नॉर्वेचा एनआरके, डेन्मार्कचा डीआर, या तिन्ही चॅनेलच्या बातम्या तासतासभर नुसत्या ऐका, अर्थ कळला नाही तरी चालेल, शब्द सुटे सुटे ऐकू येतात का एवढंच बघा. डॅनिश कागदावर नॉर्वेजियनसारखीच दिसते, कारण नॉर्वे 1814 पर्यंत डेन्मार्कच्या राजाखाली होता आणि बुकमोल ही लिहायची पद्धत त्या डॅनिशमधूनच आली, पण बोलताना डॅनिश लोक अर्धी अक्षरं गिळतात. त्यांच्या आकड्यांना सगळे घाबरतात, आपण घाबरायचं कारण नाही. पन्नासला ते हाल्व्हट्रेस म्हणतात, म्हणजे अडीच विसा, सत्तर म्हणजे साडेतीन विसा, नव्वद म्हणजे साडेचार विसा! अडीच आणि साडेतीन ज्याच्या तोंडात लहानपणापासून आहे त्याला हे एकदा समजावलं की बसतं.

नॉर्वेजियन मधली आहे, लिहायला डॅनिशजवळची, ऐकायला स्वीडिशजवळची, म्हणून देश खरंच ठरत नसेल तर मी तीच घ्या म्हणेन. शिवाय नॉर्वेजियनला आपल्यासारखी तीन लिंगं आहेत, बाकी दोघींत दोनच उरलीत. घर तिकडेही नपुंसकलिंगीच आहे, पण पुस्तक मात्र स्त्रीलिंगी, तेव्हा अंदाज न लावता प्रत्येक शब्द लिंगासकट पाठ करा. बुकमोलपासून सुरुवात करा, नीनोर्स्क ही लिहायची दुसरी पद्धत नंतर बघता येईल, आणि तिथे प्राध्यापकसुद्धा वर्गात आपापल्या बोलीत बोलतात याची मनाची तयारी ठेवा. स्वीडिश बोलणारे सगळ्यात जास्त, साधारण एक कोटी, आणि फिनलंडमध्येही ती राजभाषा आहे, तुर्कूच्या ऑबो अकादेमी विद्यापीठात शिक्षणच स्वीडिशमधून चालतं. फिनिश मात्र या कुटुंबातली नाहीच, तिला या यादीत धरू नका.

पैसे भरून क्लास लावायच्या आधी फुकटचं वापरा. स्वीडिशसाठी स्वीडिश इन्स्टिट्यूटचा ऑनलाइन कोर्स आहे, नॉर्वेजियनसाठी ट्रॉन्डहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठाचा. एक महिना रोज अर्धा तास करून बघा आणि मग ठरवा. पण दोन भाषा एकदम सुरू करू नका, प्लीज. शब्द इतके सारखे आहेत की घोळ होतो, रूलिग म्हणजे स्वीडिशमध्ये मजेशीर आणि नॉर्वेजियन-डॅनिशमध्ये शांत, ब्यू म्हणजे स्वीडिशमध्ये खेडं आणि बाकी दोघींत शहर.

स्वीडनच्या मास्टर्सचे फॉर्म जानेवारीच्या मध्यापर्यंत भरायचे असतात, भाषेच्या नादात ती तारीख चुकवू नका, भाषा नंतरही शिकता येते. वर्षभर किंवा जास्त राहणार असाल तर तिथे पर्सनुम्मर, म्हणजे प्रत्येकाचा ओळख नंबर, मिळतो आणि त्यावर एसएफआयचे, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीचे, स्वीडिश वर्ग फुकट असतात, नंबर हातात आला की त्याच आठवड्यात नाव नोंदवा.