पेरण्याआधी तण उगवू द्या

भाजीचा वाफा पहिल्यांदाच करणाऱ्याची खरी अडचण म्हणजे उगवलेल्या कोंबांतला गाजराचा कोणता आणि तणाचा कोणता, हेच कळत नाही. मग तण राहतं आणि भाजी उपटली जाते. (मी पालकाची अख्खी ओळ अशी साफ केली आहे.)

उपाय सोपा आहे, फक्त धीर हवा.

१. वाफा अगदी पेरणीसाठी करतो तसा तयार करा: ढेकळं फोडा, खत मिसळा, दाताळ्याने सपाट करा.
२. बी न पेरताच पाणी द्या. दोन-तीन आठवडे माती ओलसर ठेवा. वरच्या थरातलं तणाचं बी उगवून येईल.
३. तणाला दोन-चार पानं फुटली की कोरड्या, उन्हाच्या दिवशी खुरप्याने वरवर खरवडा. एक-दोन सेंटिमीटरच. खोल गेलात तर खालचं नवं बी वर येतं आणि सगळी मेहनत वाया जाते.
४. आता पेरा, आणि सरळ ओळीतच पेरा. ओळीबाहेर जे उगवेल ते बेधडक काढता येतं.

गाजर उगवायला दोन-तीन आठवडेही घेतं. त्याच ओळीत मुळ्याचं थोडं बी विखरून टाका. मुळा आठवड्याच्या आत वर येतो आणि ओळ कुठे आहे ते दाखवतो.

हरळी आणि लव्हाळ्यावर मात्र ही युक्ती चालत नाही. त्यांच्या मुळ्या आणि गाठी आधीच खणून, वेचून काढा. तुकडा राहिला तर पुन्हा फुटतो.