विमानाच्या रिव्हेटबद्ध सांगाड्याचे संगणकीय विश्लेषण कसे सुधारावे

पत्रे, स्ट्रिंगर (पत्र्याला आधार देणाऱ्या लांब पट्ट्या), फ्रेम (आडव्या चौकटी) आणि हजारो रिव्हेट (पत्रे जोडणारे धातूचे खिळे) यांपासून उभारलेल्या सांगाड्याचे विश्लेषण चाचणीशी जुळत नाही, तेव्हा अनेकजण आधी मेश (मॉडेलचे लहान तुकड्यांत केलेले विभाजन) बारीक करू लागतात; दोष मात्र बहुधा जोडांत असतो.

तरीही प्राथमिक तपासण्या टाळू नयेत. लावलेल्या भारांची बेरीज आणि आधारांवरील प्रतिक्रिया जुळल्या पाहिजेत. सर्व आधार काढून कंपनविश्लेषण केल्यास शून्य वारंवारतेच्या नेमक्या सहा अवस्था (सांगाडा न वाकता अखंड सरकण्याच्या वा फिरण्याच्या) मिळाल्या पाहिजेत. जास्त मिळाल्या तर एखादा भाग कुठेतरी सुटा राहिला आहे, असे समजावे.

आता जोडांकडे वळू. एकावर एक ठेवलेल्या दोन पत्र्यांना रिव्हेटच्या अनेक रांगांनी जोडले असता टोकाच्या रांगा सर्वाधिक भार उचलतात, आणि रिव्हेट पूर्णपणे ताठ मानल्यास हा भार प्रत्यक्षाहून जास्त दिसतो, कारण खरा रिव्हेट वाकतो आणि छिद्राची कड दबते. ही लवचीकता पत्र्यांची जाडी, रिव्हेटचा व्यास आणि दोन्ही पदार्थांची ताठरता यांवरून काढून स्प्रिंगच्या रूपाने मॉडेलमध्ये घालावी. त्यासाठी अभियंता हूट यांचे १९८६ मधील सूत्र आजही सर्रास वापरले जाते. अशी स्प्रिंग पत्र्याच्या एकाच नोडला (मेशमधील बिंदूला) जोडली असेल, तर तिथला ताण मेश बारीक करू तसा वाढतच जातो. त्या आकड्याच्या मागे लागू नये. स्प्रिंगमधील बल घ्यावे आणि छिद्राच्या कडेवरील दाब हाताने काढावा.

जाडी आराखड्यातून न घेता तयार भागावर मोजून घ्यावी. फटी बुजवण्यासाठी घातलेले शिमही मॉडेलमध्ये दाखवावेत. पातळ पत्रा कातरबलाखाली सुरकुततो, पण तेवढ्याने निकामी होत नाही, हे अभियंता वॅगनर यांनी १९२९ मध्येच दाखवले होते. अशा पॅनेलसाठी रेषीय विश्लेषण (भार दुप्पट तर परिणामही दुप्पट असे मानणारे) पुरेसे नसते.

चाचणीत स्ट्रेन गेज (पत्रा किती ताणला गेला ते मोजणारे संवेदक) पत्र्याच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर लावावेत, म्हणजे ताणणे आणि वाकणे वेगळे करता येते. तुलना कमी भारापासून सुरू करावी. आकडे जुळत नाहीत म्हणून अॅल्युमिनियमचा लवचीकता गुणांक बदलणे ही निव्वळ पळवाट आहे. चाचणीतले आकडे गांभीर्यानेच घ्यावे लागतात: २००६ मध्ये एअरबस ए३८० चा पंख स्थिर चाचणीत मर्यादा भाराच्या (वापरात अपेक्षित सर्वाधिक भाराच्या) सुमारे १.४५ पटीला तुटला, तर आवश्यकता १.५ पटीची होती. त्यामुळे तिथे पंखाला मजबुती द्यावी लागली.