युद्धातला बळींचा आकडा कसा पारखायचा

आकड्याआधी त्याला जोडलेला शब्द वाचा. लष्करी भाषेत ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे ठार, जखमी, बेपत्ता आणि कैदी झालेले, सगळे मिळून. बातमीत त्याचं सर्रास ‘बळी’ होतं. एका मृतामागे तीन जखमी हा जुना, ढोबळ हिशेब धरला तरी ४,००० हताहतांत मृत हजारच निघतात.

मग मोजलं कोणी, आणि त्याला दिसत काय होतं? शत्रूच्या नुकसानीचे दावे सगळ्यात कच्चे. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटिश हवाई दलाने १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात पडली साधारण ६०. यात थापा मारायची गरजच नसते: एकाच विमानावर तिघं गोळ्या झाडतात आणि तिघंही ते आपल्या खात्यावर मांडतात. स्वतःच्या नुकसानीबाबत उलटं. तिथे मृत माणूस ‘बेपत्ता’च्या रकान्यात महिनोन् महिने पडून राहतो.

कधी मात्र सरळ लबाडी असते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावर झालेल्या बॉम्बहल्ल्यानंतर पोलिसांच्या कागदात २०,२०४ मृत होते. प्रचारासाठी त्यापुढे एक शून्य चढलं आणि २,०२,०४० हा आकडा पुढे कित्येक वर्षं फिरत राहिला. म्हणून फार नेमका आकडा दिसला की भुलू नका, मूळ कागद शोधा.

नावानिशी केलेली यादी सगळ्यात भक्कम, पण ती किमान आकडा सांगते. न सापडलेले मृत मोजायला दोन स्वतंत्र याद्या ताडून बघतात. एका यादीत ५०० नावं, दुसरीत ४००, दोन्हींत सामाईक १००, तर ५०० गुणिले ४०० भागिले १००, म्हणजे एकूण मृत अंदाजे २,०००. दोन्ही याद्या एकाच रुग्णालयातून आल्या असतील तर सामाईक नावं वाढतात आणि अंदाज खाली येतो. वेगवेगळ्या भागांतल्या असतील तर तो भलताच फुगतो. स्पेलिंग वेगळं म्हणून एकच माणूस दोनदा धरलात तरी तेच. सीरियासाठी संयुक्त राष्ट्रांनी याच पद्धतीची सुधारित, अनेक याद्यांची आवृत्ती वापरली: मार्च २०११ ते मार्च २०२१ दरम्यान ३,०६,८८७ नागरिक मृत, त्यांपैकी १,४३,३५० नोंदलेले, बाकीचे अंदाजित. बातम्यांत ही फोड बहुधा गळते.

काही घरांत विचारून त्यावरून सगळ्या देशाचा अंदाज बांधतात, त्या घरोघरच्या पाहणीत मधला आकडा सोडा, पल्ला बघा, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते. इराकबद्दलच्या २००६ च्या पाहणीत ६,५४,९६५ जादा मृत्यू (युद्ध नसतं तर झाले असते त्यांहून जास्तीचे) निघाले, पल्ला मात्र ३,९२,९७९ ते ९,४२,६३६. जवळपास त्याच काळाच्या दुसऱ्या, कितीतरी मोठ्या पाहणीत हिंसक मृत्यू १,५१,००० आले. व्याख्या वेगळ्या होत्या हे खरं, पण पहिल्यातलेही सहा लाखांवर मृत्यू हिंसकच होते. तेव्हा अशा दोन आकड्यांची सरासरी काढू नका; घरं कशी निवडली आणि किती ठिकाणी गेले, ते वाचा.