केबिन घेण्याआधी बोटीची कुंडली काढा

नात्यात कुणी क्रूझला निघालं की फोन मला येतो. माझी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली, त्यामुळे बुफेत काय मिळतं ते मला विचारू नका. केबिन कुठली घ्यावी ते मात्र सांगतो, आणि त्याआधी बोटीचा आयएमओ नंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पद्धतीचा बोटीचा ओळख क्रमांक, शोधायला लावतो.

नाव, मालक, झेंडा सगळं बदलतं. हा सात आकडी नंबर बोट भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. मुंबईहून सुटणाऱ्या, कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या एम्प्रेस बोटीचा नंबर 8716899. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणून बेरीज करा. 169 येते. बेरजेतला शेवटचा 9 आणि नंबरातला शेवटचा 9 जुळले, म्हणजे नंबर बरोबर उतरवलाय. (हे काम नातवंडांना द्या.)

त्या नंबरावरून जुनी नावं सापडतात. ही बोट 1990 मध्ये फ्रान्समधल्या सँ-नाझेरला रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीसाठी बांधली, तेव्हा ती नॉर्डिक एम्प्रेस होती. 2004 मध्ये एम्प्रेस ऑफ द सीज झाली, 2008 मध्ये स्पेनच्या पुलमंतूर कंपनीकडे जाऊन नुसती एम्प्रेस, 2016 मध्ये परत जुन्या घरी, आणि 2021 पासून आपल्याकडे. ‘एवढी जुनी?’ म्हणून भाची दचकली. वयापेक्षा मी बोट कशासाठी बांधली होती ते बघतो. ही तीन-चार रात्रींच्या सहलींसाठीच आखलेली, म्हणून केबिन आटोपशीर आणि बाल्कन्या मोजक्या. मोठ्या बॅगा घरीच ठेवा.

मग एक भागाकार. ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे; बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेवरून तो आकडा काढतात. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागा, म्हणजे माणशी किती जागा मिळते त्याचा अंदाज येतो. एम्प्रेसचं टनेज 48,563 आणि खोलीत दोघं धरून प्रवासी साधारण 1,600, म्हणजे 30 च्या आसपास. 2024 मध्ये आलेल्या आयकॉन ऑफ द सीजचं 248,663 आणि प्रवासी 5,610, म्हणजे 44. तीन रात्रींना 30 चालतं. दहा दिवस जाणार असाल तर मी 40 च्या खाली उतरणार नाही.

आता डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा, उघडा. बोट लागण्याची भीती असेल तर खालचा डेक आणि लांबीच्या मधोमध असलेली केबिन. बोट पुढे-मागे झुलते तेव्हा मधला भाग सगळ्यात कमी हलतो, आणि कुशीवर कलते तेव्हा वरचे मजले जास्त झोका खातात. स्टॅबिलायझरचे, म्हणजे बोटीच्या दोन्ही कुशींना पाण्याखाली असलेले, पंख कुशीवरचं कलणं कमी करतात. पुढे-मागे झुलण्यावर त्यांचा फारसा इलाज नाही. त्यामुळे वरच्या डेकवरच्या पुढच्या टोकाच्या महागड्या केबिनवर भाळू नका. शिवाय पहाटे नांगर टाकला की पुढच्या टोकाला साखळीच्या खडखडाटाने जाग येते. मागच्या टोकाला बोट ढकलणाऱ्या पंख्याची (प्रोपेलरची) थरथर जाणवते. मला ती चालते, उलट झोप लागते; घरच्यांना चालत नाही.

केबिनच्या वर आणि खाली काय आहे तेही बघा. वर स्विमिंग पूल असेल तर सकाळी खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली थिएटर असेल तर रात्री ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा उत्तम.

‘केबिन कंपनी ठरवेल’ असं स्वस्त तिकीटही मिळतं. बोट लागत नसेल त्यांनी खुशाल घ्यावं. आईला घेऊन जाणार असाल तर जास्तीचे पैसे टाका आणि केबिनचा नंबर तिकिटावर लिहून घ्या.