आधी बुकिंग, मग बॅग: आयर्लंडच्या खेडोपाडी फिरायला निघताना

आधी बुकिंग करा. बॅगा नंतर भरा, गाडी नंतर ठरवा, पावसावरची चर्चा तर त्याहून नंतर. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा डब्लिनला आले तेव्हा मी रेनकोट आणले, तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, बाबांच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावल्या आणि न्यूग्रेंजचं बुकिंग तेवढं केलं नाही. डोक्यात आपले गड होते ना! सिंहगडावर जाताना कोणी वेळ घेऊन जातं का? पहाटे निघायचं, वर पोचायचं, पिठलं-भाकरी खायची.

न्यूग्रेंजचं तसं नाही. बॉइन नदीच्या काठावरची ती प्रचंड समाधी इसवीसनपूर्व 3200 च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षा जुनी. पण तिच्या दारात गाडी नेता येत नाही. नदीच्या अलीकडे ब्रू ना बोन्याचं (न्यूग्रेंज ज्या प्राचीन परिसरात आहे त्याचं हे नाव) व्हिजिटर सेंटर आहे, तिथून पायी पूल ओलांडायचा, पलीकडून त्यांच्याच बसने जायचं, आणि आत सोडतात ती माणसं मोजून. आम्ही पोचलो शनिवारी सकाळी अकराला. काउंटरवरच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, आजची तिकिटं संपली. उद्याचीही. आई कपाळावर हात धरून नदीपलीकडे बघत राहिली. "ती पांढरी भिंत का गं? लांबूनच छान दिसतेय." माझी समजूत काढत होती, तेच जास्त लागलं.

तर बुकिंग. तारीख ठरली त्याच दिवशी, ऑनलाइन, विमानाच्या तिकिटाइतक्या गांभीर्याने. तिकीट घेताना नीट वाचा: समाधीच्या आत जाण्याचं तिकीट वेगळं असतं, नुसतं बाहेरून दाखवण्याचं वेगळं. आतली वाट 19 मीटर लांब आणि जागोजागी इतकी अरुंद की अंग चोरून, वाकून जावं लागतं. गुडघे धरलेल्यांना आणि कोंडल्यासारखं होणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. पाठीवरची सॅक बाहेर राहते. आत दिवे मालवून डिसेंबरच्या सूर्योदयाचा किरण कसा शिरतो ते विजेच्या दिव्याने दाखवतात. खरा किरण बघायचाय? त्यासाठी सोडत निघते, तिथे बुकिंगही चालत नाही. सोडतीत नाव आलं आणि त्या सकाळी ढग असले तर नमस्कार करून परत या.

हेरिटेज कार्ड काढा, वर्षभरात चार-पाच सरकारी वास्तू बघणार असाल तर पैसे वसूल होतात. पण कार्ड म्हणजे बुकिंग नव्हे. हे मुद्दाम लिहितेय, कारण माझ्या पर्समध्ये त्या दिवशी कार्ड होतं.

क्लिफ्स ऑफ मोहर: वेळेचा स्लॉट घेऊन ऑनलाइन तिकीट काढा. समुद्रावरचे हे कडे सर्वात उंच जागी 214 मीटर आहेत आणि वारा माणूस ढकलेल असा असतो. फोटोसाठी कडेला जाऊ नका, कुंपण ओलांडू नका, मुलांचा हात सोडू नका. इथे मी विनोद करणार नाही.

स्केलिग मायकल तर बुकिंगचा बाप. अटलांटिकमधला खडक, वर सहाव्या शतकापासूनच्या भिक्षूंच्या दगडी झोपड्या, चढायला सहाशेच्या वर पायऱ्या, कठडा बहुतेक ठिकाणी नाहीच. उतरायची परवानगी असलेल्या नावा मोजक्या आणि फक्त साधारण मे मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. कित्येक महिने आधी जागा धरा आणि तरीही समुद्र खवळला तर सकाळी फोन येईल की आज नाही. म्हणून केरीमध्ये, म्हणजे नावा सुटतात त्या परगण्यात, एखादा दिवस मोकळा ठेवा. बेटावर शौचालय नाही. आई-बाबांना नेण्याआधी हे वाक्य दोनदा वाचा.

बुकिंग हुकलंच तर बिनबुकिंगच्या जागा खिशात असू द्या. आम्ही त्या दिवशी मोनास्टरबॉइसला गेलो. लहानसं कब्रस्तान, एक गोल मनोरा आणि म्युरेडाकचा पाच मीटरहून उंच दगडी क्रूस, हजारेक वर्षांपूर्वीचा. बायबलमधल्या कथा वरपासून खालपर्यंत कोरलेल्या, पण बाबा खाली उकिडवे बसले आणि म्हणाले, "अरे, इथे मांजरं आहेत." खरंच, पायथ्याशी दोन मांजरं. ना तिकीट, ना रांग. जुन्या आयरिश राजांची तारा टेकडीही फुकट, बरेन या खडकाळ पठारावरचं पूलनाब्रोनचं दगडी दालन, म्हणजे प्राचीन समाधी, तीही फुकट. बरेनच्या चुनखडीत मात्र खोल भेगा आहेत, बोलत बोलत चाललात तर पाय मुरगळणार. ग्लेन्डालॉखचा मठ बघायलाही पैसे लागत नाहीत, पण सुट्टीच्या दिवशी पार्किंग भरतं, तेव्हा नऊच्या आत पोचा. तिथल्या तीस मीटर उंच मनोऱ्याचं दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर का, यावर घरच्यांना भांडू द्या, छान वेळ जातो.

कपडे. छत्री घरी ठेवा. आपल्या पावसाचा अनुभव इथे कामाचा नाही, हा पाऊस आडवा येतो आणि छत्री उलटी करून जातो. टोपीवालं जॅकेट, वरून चढवायची वॉटरप्रूफ पँट, खाली पकड असलेले बूट. आईंना साडीवर बूट पटत नाहीत, तो वाद विमानात बसण्याआधी मिटवा. जूनमध्येही स्वेटर. नेच्याच्या गचपणातून चाललात तर रात्री पायांवर गोचीड तपासा.

गाडी. डावीकडूनच चालते, तेवढं सोपं. ऑटोमॅटिक हवी असेल तर तीही लवकर सांगून ठेवावी लागते (बघा, पुन्हा बुकिंग). खेड्यातले रस्ते इतके अरुंद की मधोमध गवत उगवलेलं असतं, दोन्हीकडे दगडी गडगे आणि वळणावर मेंढ्या. फेब्रुवारी 2025 पासून अशा स्थानिक रस्त्यांवर वेगमर्यादा 80 ऐवजी 60 आहे, गाडीतला जीपीएस काही का दाखवेना. डब्लिनभोवतीच्या एम-50 या महामार्गावर टोलनाका दिसत नाही, पण टोल लागतो. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन भरायचा, नाहीतर दंड.

जायंट्स कॉजवेची, त्या समुद्रकाठच्या षटकोनी दगडी खांबांची, स्वप्नं बघणाऱ्यांनो, ते उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये. सीमेवर कोणी थांबवत नाही म्हणून व्हिसा लागत नाही असं नव्हे. घरच्यांच्या आयरिश व्हिसावर बीआयव्हीएस (एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरू देणारी ब्रिटिश-आयरिश योजना) ही अक्षरं आहेत का ते आधी बघा. नसतील तर तो दिवस दुसरीकडे घालवा.

शेतातून वाट असली तरी जमीन कोणाच्या तरी मालकीची असते. गेट उघडलंत तर मागे लावा. कुत्रा नेऊ नका.

खाणं: पुऱ्या, चटणी, थर्मासमध्ये चहा. पबमधलं भाज्यांचं सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारा. दुपारी तीननंतर स्वयंपाकघर बंद असल्याचं बऱ्याच ठिकाणी ऐकून घ्यावं लागतं.

हिवाळ्यात सव्वाचारला अंधार पडतो आणि बऱ्याच वास्तू मार्चपर्यंत बंद असतात. औषधं, चार्जर, थोडी नाणी, पाणी, ते तुमचं तुम्ही बघा. कुठे काही झालं तर 112 हा आपत्कालीन नंबर.

आणि बुकिंगचा स्क्रीनशॉट. घाटाघाटांत रेंज जाते, मेल उघडत नाही. स्क्रीनशॉटवर तारीख बघा, महिना बघा, माणसं किती लिहिलीत ते मोजा. आई-बाबा जूनमध्ये परत येतायत. मी आत्ताच तिसऱ्यांदा मोजली. चार.