मोबाइलमधला फोटो गच्चीवरच्या उन्हात छापा: सायनोटाइप

सायनोटाइप ही जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली, उन्हाच्या मदतीने निळ्या रंगात फोटो छापायची पद्धत. तिला एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून छापायचं यंत्र) लागत नाही, लाल दिवा लागत नाही. साताऱ्यातली कुठलीही गच्ची पुरते. मेहनत आहे ती संगणकावर नीट निगेटिव्ह तयार करण्यात. बहुतेक प्रिंट तिथेच फसतात.

फोटो निवडताना रंग विसरा. कास पठारावरच्या फुलांचा गालिचा इथे सपाट दिसतो, कारण जांभळा आणि हिरवा एकाच राखाडी छटेत मिसळतात. कासच हवं असेल तर मागून ऊन आलेलं एकच फूल टिपा (तोडून कागदावर ठेवू नका, तिथे फुलं तोडायला बंदी आहे). त्याहून छान उतरतो तो वाईजवळच्या मेणवलीचा नदीघाट, सकाळच्या तिरप्या उन्हातला: पायरीची कड पांढरी, तिच्याखालची सावली गर्द निळी.

जिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फोटो कृष्णधवल करा, इन्व्हर्ट करा (काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं) आणि आडवा फ्लिप करा (आरशातल्यासारखा उलटा). मग तो पारदर्शक फिल्मवर, म्हणजे ओएचपी शीटवर छापा; हीच निगेटिव्ह. फ्लिप विसरू नका, कारण फिल्मची शाईची बाजू खाली, कागदाला टेकवायची असते. शाई वर राहिली तर ऊन फिल्मच्या जाडीतून पसरतं आणि कडा धूसर होतात. ओएचपी शीट इंकजेटसाठीचीच घ्या, लेझरच्या शीटवर शाईचे थेंब साचतात. छापलेली निगेटिव्ह खिडकीसमोर धरा. सगळ्यात काळ्या भागातून गज स्पष्ट दिसले तर शाई कमी पडली. प्रिंटरची सेटिंग ‘फोटो पेपर, बेस्ट’ करून पुन्हा छापा.

आता रसायनं. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, वेगळ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. दोन्ही तपकिरी बाटल्यांत वेगवेगळी ठेवली तर काही महिने टिकतात. पहिलीवर बुरशी येते, ती गाळून घ्या. हातमोजे घाला, भांडी स्वयंपाकाची नकोत, आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल आणू नका.

संध्याकाळी साध्या पिवळ्या बल्बखाली दोन्ही समप्रमाणात मिसळा. ए-४ कागदाला एकूण ४ मिली पुरतं. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) वॉटरकलर कागद घ्या, त्यावर रुंद मऊ ब्रशने आधी उभा, मग आडवा हात फिरवा. ब्रशला लोखंडी पट्टी नको, तिच्यामुळे निळे डाग पडतात. कागद अंधारात पूर्ण वाळू द्या. ओलसर राहिला तर निगेटिव्हची शाई त्याला चिकटते. पावसाळ्यात हा उद्योग अवघड होतो तो त्यामुळेच. दिवाळी ते होळी हा उत्तम काळ.

पाठीमागे पुठ्ठा, वर कागद, निगेटिव्ह, काच. चारही बाजूंनी बाइंडर क्लिप घट्ट. पहिल्यांदा पूर्ण प्रिंट काढू नका. रसायन लावलेल्या कागदाच्या एका पट्टीवर आधी ४ मिनिटं, मग दर २ मिनिटांनी पुठ्ठा सरकवत ४, ६, ८, १०, १२ मिनिटांचे पट्टे पाडा. निरभ्र दुपारी बहुधा ८ ते १२ मध्ये उत्तर सापडतं. पिवळट हिरवा थर आधी निळसर होतो, मग गडद भाग राखाडी, कांस्यासारखे दिसू लागतात. तो रंग दिसेपर्यंत थांबा. घाई केली तर धुताना निळा वाहून जातो.

धुवायला ५ ते १० मिनिटं, पाणी पिवळं यायचं थांबेपर्यंत. बोअरचं जड पाणी अल्कधर्मी असतं आणि निळा फिका करतं. पहिल्या पाण्यात लिटरला चिमूटभर सायट्रिक आम्ल टाका. पांढऱ्या भागात पिवळट झाक राहिली तर धुणं कमी पडलं. पांढरा भागच निळा झाला तर निगेटिव्ह पातळ होती किंवा कागदाला आधीच उजेड लागला होता.

शेवटच्या पाण्यात लिटरमागे १० मिली ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की खरा गडद निळा लगेच दिसतो. नाही घातलं तरी प्रिंट वाळवून एक दिवस ठेवा, तोच रंग हळूहळू येतो.